पाहुण्या रोपांचं सुतक

एका जंगलात, आता ते सह्याद्रीच्या अलीकडे की पलीकडे हे मला विचारू नका, एक गवा राज्य करत होता. सिंह नव्हता. सिंह असता तर त्यानं दुसऱ्याच ओळीत सगळ्यांना खाल्लं असतं, गोष्ट संपली असती आणि तुम्हाला लवकर झोपावं लागलं असतं. तेव्हा गवा होता तेच बरं.

गवा मनानं चांगला होता. खोड एकच. त्याला समारंभ फार आवडायचे. मुंग्यांनी नवं वारूळ बांधलं की तो उद्घाटनाला जायचा. फीत कापायला पुढं व्हायचा आणि त्याच्या पायाखाली ते वारूळच जायचं. मग तो दुसऱ्या वारुळाचं भूमिपूजन करायचा. मुंग्यांना त्याची सवय झाली होती.

त्या जंगलात एक तळं होतं. उन्हाळ्यात ते आटत आटत डबक्याएवढं उरलं. त्या डबक्यात पुतळी नावाची मासोळी आपल्या एकवीस पिल्लांना घेऊन राहायची. काठावरच्या बिळात द्वारका नावाची म्हातारी खेकडी होती. तिला सगळे द्वारकामावशी म्हणत. तळ्यातलं बी-बियाणं, पाणवनस्पती, कुठं काय उगवतं नि का मरतं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणूनच तिला कुणी काही विचारत नसे.

डबकं रोज थोडं थोडं मागं सरकत होतं.

"मावशी, अजून किती दिवस गं?" पुतळीनं विचारलं.

द्वारकामावशीनं नांगीनं चिखल मोजला. "वीस. एकविसावा धरू नकोस."

पुतळीनं पिल्लं मोजली. एकवीस भरली. ती रोज मोजायची.

द्वारकामावशी तडक गव्याच्या गुहेत गेली. तिरकी चालत गेली, पण तडक गेली. सगळं ऐकून गव्याचे डोळे पाणावले आणि लगेच चमकलेही, कारण त्याला यात समारंभ दिसला.

"आपण दरबारातच काचेचं तळं बांधू!" तो म्हणाला. "पिल्लांना राजाश्रय देऊ!"

जंगलात काच कुठून आली, असं विचारू नका. गोष्टीत काच मिळते. आणि पिल्लं नदीतच का नाही सोडली म्हणाल, तर तिथले मोठे मासे त्यांना एका घासात गिळतात. गुहेत तासाभरात काचेचं तळं उभं राहिलं, त्यात माती आली, नदीतली वाळू आली, पाणी आलं. लागलीच पिल्लं सोडायची असं ठरत होतं, तेवढ्यात द्वारकामावशी आडवी आली.

"महाराज, नवं पाणी कच्चं असतं. माशांची घाण पचवणारं त्यात कुणी नसतं. दोन दिवसांत पाणी विषारी होईल आणि पिल्लं उताणी तरंगतील. आधी झाडं लावा. ती रुजू देत. मग पिल्लं सोडा. झाडं मी ओढ्यातून आणते."

"ओढ्यातली?" प्रधानांनी नाक मुरडलं. प्रधान मुंगूस होते, आणि त्यांना नाक बरंच होतं. "त्यांच्याबरोबर गोगलगाई येतात. जळवा येतात. दरबारात असलं गावठी चालणार नाही. पलीकडच्या डोंगरावर घुबडाची प्रयोगशाळा आहे. तिथून मागवू."

घुबड विद्वान होतं. ते काचेच्या छोट्या डब्यांमध्ये रोपं वाढवायचं. डबीत गोड गोड जेली, त्यात रोप, वरून घट्ट झाकण. आत कीड नाही, माती नाही, वारा नाही, शेजारीपाजारी नाहीत. लागेल ते जेलीतून मिळायचं. अशा पाच तयार डब्या त्याच दिवशी आल्या. रोपं इतकी हिरवी, इतकी नाजूक आणि इतकी स्वच्छ, की दरबारी मंडळी शेपट्या झाडून उभी राहिली.

डब्यांबरोबर घुबडानं सूचनांचा कागद पाठवला होता. गव्यानं अर्थातच स्वागत समारंभ ठेवला.

काय तो समारंभ! प्रत्येक रोपाला हळद-कुंकू लावलं. शाल म्हणून केळीचं पान पांघरलं, त्याखाली एक रोप दिसेनासं झालं. ते नंतर सापडलं. मग गवा भाषणाला उभा राहिला.

"रोपांनो, तुम्ही आमचे पाहुणे नाही. तुम्ही आमच्याच कुटुंबातले आहात!"

टाळ्या पडल्या. दरबाराचा कारकून साळिंदर होता. त्यानं पाठीवरचा एक काटा उपसून हे वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. काटे घरचेच असल्यामुळे तो सगळंच लिहून घ्यायचा. हे वाक्य तुम्हीही ध्यानात ठेवा.

रोपं काही बोलली नाहीत. बंद डबीत वाढलेल्यांना बोलायला कोण शिकवणार?

सूचनांच्या कागदाचं काय झालं? त्याचा मान राखला गेला. तो चौकटीत बसवून सिंहासनामागं उंचावर टांगला आणि त्याला जाडजूड हार घातला. हाराखाली सगळ्या ओळी झाकल्या गेल्या. द्वारकामावशी मात्र भिंत चढून वर गेली, हार बाजूला सारला, काड्यांवरचे डोळे लांब केले आणि वाचू लागली.

घुबडानं लिहिलं होतं: जेली धुऊन टाका. रोपाचे छोटे झुबके करून चिमट्यानं लावा. उजेड अगदी बेताचा ठेवा. रोज निम्मं पाणी बदला. ही पानं डबीतल्या हवेत वाढलेली आहेत, पाण्यात ती टिकणार नाहीत. ती विरघळतील, रोप मेल्यासारखं दिसेल. घाबरू नका. मूळ जिवंत असतं. पाण्यातली नवी पानं मागून येतात. तोवर मेहेरबानी करून हात लावू नका.

शेवटच्या ओळीखाली घुबडानं दोनदा रेघ ओढली होती. त्याला दरबारांचा अनुभव असावा.

द्वारकामावशीनं जेली धुतली, झुबके केले आणि आपल्या नांग्यांनीच ती रोपं वाळूत खोचली. चिमटा तिच्या अंगचाच होता. मग ती प्रधानांकडे गेली.

"प्रधानजी, त्या सूचना..."

"लावल्यात की! हारसुद्धा घातलाय. अजून काय करायचं असतं सूचनांचं?"

दुसऱ्या दिवसापासून कारभार सुरू झाला. गुहेत दिवसाही अंधार, तेव्हा पाहुण्यांना गैरसोय नको म्हणून हजार काजवे नेमले. ते पाळ्या लावून अखंड चमकत राहिले. तिसऱ्या दिवशी काचेवर हिरवी बुरशीसारखी शेवाळ चढली. साळिंदरानं अहवालात लिहिलं, 'तळ्यात हिरवळ समाधानकारक वाढली आहे.'

आणि रोज सकाळी पाहणी. प्रधान यायचे, पहिलं रोप उपटायचे, मूळ निरखायचे, पुन्हा खोचायचे. मग दुसरं. मग तिसरं. त्यांच्यामागून भेकर यायचं, कारण त्याला प्रधानांचा भरवसा नव्हता. भेकराच्या मागून तरस यायचा, कारण त्याला दोघांचाही नव्हता. प्रत्येक जण उपटायचा आणि लिहायचा, 'अद्याप मूळ धरलेलं नाही.'

"अहो, रोज उपटल्यावर कसं धरेल?" द्वारकामावशी कळवळून म्हणायची.

"पण उपटल्याशिवाय धरलंय की नाही ते कळणार कसं?" प्रधान म्हणायचे.

मुलांनो, मोठी माणसं तुम्हाला सांगतात ना, की खेकडे दुसऱ्याला खाली खेचतात? तर या गोष्टीत ओढाओढ सगळ्यांनी केली. एका खेकडीनं तेवढी केली नाही.

सातव्या दिवशी पानं विरघळली. आधी कडा पारदर्शक झाल्या, मग मधला भाग तपकिरी, मग बुळबुळीत. दरबारात हलकल्लोळ माजला. प्रधानांनी एक पान पंजात घेतलं, ते पंजातच राहिलं.

"मेली," प्रधान म्हणाले. "पाचही डब्या मेल्या. फेकून द्या. घुबडाला नवीन मागवा, महिन्याभरात येतील."

"आणि पिल्लं?" द्वारकामावशीनं विचारलं.

"झाडंच नाहीत तर मासे कशाला? पुढच्या वर्षी बघू."

द्वारकामावशीला डबकं आठवलं. तेरा दिवसांचं पाणी उरलं होतं. पुढच्या वर्षी पुतळीची पिल्लं कुठून आणणार होते हे? तिला असा काही राग आला, की तिच्या नांग्या कटकट वाजायला लागल्या. मुळं जिवंत आहेत, असं ओरडून सांगावं असं तिच्या अगदी तोंडाशी आलं. पण तिनं विचार केला. जिवंत आहेत म्हटलं, की हे पुन्हा उपटून बघणार.

तिनं नांग्या खाली घेतल्या आणि मोठ्यानं गळा काढला.

"अगं बाई गं! कोवळ्या वयात गेली गं! आणि महाराज, घरातली माणसं गेल्यावर अशी फेकून देतात होय? बिनसुतकाची?"

गवा गडबडला. "सुतक? आम्हाला कशाला सुतक? ती काही आमची भाऊबंद नव्हेत."

साळिंदर खाकरला. त्यानं आपली वही काढली. "क्षमा असावी, महाराज. समारंभात आपण म्हणाला होता, 'तुम्ही आमच्याच कुटुंबातले आहात.' माझ्याकडे तारखेसकट आहे."

गव्यानं शिंगं खाली घातली. पाहुणा आपल्या घरी येऊन सात दिवसांत मरतो, ही गोष्ट शेजारच्या जंगलात जाणार, हेही त्याला त्याच वेळी उमगलं.

"कसं करायचं असतं हे?" त्यानं हळूच विचारलं.

"सोपं आहे," डोळे पुसत द्वारकामावशी म्हणाली. "तेरा दिवस कुणी शिवायचं नाही. अजिबात. गेल्या जागी एकच दिवा लावायचा, बाकी सगळे बंद. गोडधोड, हळद-कुंकू काही पाण्यात टाकायचं नाही. आणि रोज निम्मं पाणी काढून नदीचं ताजं पाणी वाहायचं. आमच्या खेकड्यांत तशी रीत आहे. पाणी मीच वाहते, म्हातारीनं करायची कामं आहेत ही."

नऊशे नव्व्याण्णव काजव्यांना रजा मिळाली. ते इतके दमले होते, की त्यांनी मनापासून शोक केला. एक काजवा तेवढा तळ्याच्या कोपऱ्यात मंद लुकलुकत राहिला.

आणि तळ्याकडे कुणी फिरकेना. प्रधान लांबूनच नमस्कार करायचे. भेकर आणि तरस वाट वाकडी करून जायचे. द्वारकामावशी रोज नदीचं पाणी आणायची, जुनं पाणी काढायची, त्याबरोबर सडलेला चोथा निघून जायचा. काचेवरची शेवाळ अंधारात आपोआप मरगळली. वाळूखाली काय चाललं होतं ते कुणी बघितलं नाही. म्हणूनच चाललं होतं.

संध्याकाळी ती डबक्यावर जायची.

"मावशी, दरबारातून रडण्याचा आवाज येतो," पुतळी घाबरून म्हणायची. "आपलं काही खरं नाही का?"

"आता कुठं खरं व्हायला लागलंय," द्वारकामावशी म्हणायची. "पिल्लं मोजलीस?"

"एकवीस."

डबकं सुपाएवढं झालं. मग टोपलीएवढं. पिल्लं एकमेकांच्या अंगावर झोपायला लागली.

दहावा दिवस उजाडला. तुम्हाला ठाऊक असेल, दहाव्याला पिंड ठेवतात आणि कावळ्यानं तो शिवावा लागतो. शिवला नाही, तर गेलेल्याची काही इच्छा राहिली असं समजतात. त्याच दिवशी मुंडणही असतं. रोपांना मुलंबाळं नव्हती, तेव्हा खुद्द रोपांचंच मुंडण करावं लागेल, असं द्वारकामावशीनं सांगितलं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिनं नांगीनं उरलीसुरली सडकी पानं कचाकच कापून काढली. तळ्यात उरले नुसते खुंट.

तळ्याच्या काठावर भाताचा पिंड ठेवला. कावळ्याला बोलावणं गेलं.

कावळा आला. पिंडाभोवती एक फेरी मारली, तळ्यात डोकावला आणि मागं सरकून बसला.

"शिवत नाही!" दरबारी कुजबुजले.

"इच्छा राहिली असणार," गवा कापऱ्या आवाजात म्हणाला. मग तो पिंडापुढं आला. "रोपांनो, एक सांगायचं राहिलं. मी तुमचं एक पान चघळून बघितलं होतं. फक्त एक. मला क्षमा करा."

कावळा हलला नाही.

प्रधान पुढं आले. "मी अहवालात तुम्हाला आळशी म्हटलं होतं. ते मागे घेतो."

कावळा हलला नाही. तरसानं कबूल केलं, की त्यानं रोपं न बघताच प्रधानांचा अहवाल उतरवून काढला होता. कावळ्यानं पंखात चोच खुपसली.

द्वारकामावशी त्याच्याजवळ सरकली. "कावळेबुवा, शिवा की हो," ती पुटपुटली.

"मावशी, मला फसवू नका," कावळाही हळूच म्हणाला. "त्या खुंटांच्या मधे मोहरीएवढे कोंब आहेत. पांढरी मुळं मातीत गेलीत. मी मेलेल्यांच्या पिंडाला शिवतो. इथं मेलंय कोण? आमच्या सात पिढ्यांनी खोट्या पिंडाला चोच लावली नाही."

कुणी ऐकलं तर नाही ना, हे द्वारकामावशीनं बघून घेतलं. हा एक प्रामाणिक निघाला आणि नेमका आजच. त्यानं मोठ्यानं म्हटलं, की पंधरा पंजे पाण्यात पडणार. तिनं टोपलीएवढ्या डबक्याचा विचार केला. मग नांगीत धरलेल्या सडक्या पानाकडे बघितलं.

"बुवा, हे पान मेलंय ना?"

कावळ्यानं पान एका डोळ्यानं बघितलं, मग दुसऱ्या. "हे मेलंय. यात शंका नाही."

"मग याचा दहावा समजा."

"तसं असेल तर माझी ना नाही," कावळा म्हणाला. "पण आधी त्याची इच्छा विचारा. रीत म्हणजे रीत."

द्वारकामावशी दरबाराकडे वळली. "महाराज, मला इच्छा कळली. त्यांना सोबतीची आस होती. पुतळीची पिल्लं तेराव्याला या तळ्यात यावीत. आणि नंतर या पाण्यात कुणी पंजा घालू नये."

"दिलं वचन!" गवा ओरडला. त्याला एव्हाना घाम फुटला होता. "प्रधानांचंही वचन, सगळ्यांचं वचन!"

द्वारकामावशीनं ते पान पिंडाखाली सरकवलं. कावळा उडी मारून आला आणि त्यानं पिंडाला चोच लावली. दरबारात सुस्कारा सुटला. तरस तर चक्क रडला.

तेराव्याच्या सकाळी डबकं ताटाएवढं होतं. ज्या डब्यांतून रोपं आली होती, त्याच डब्या घेऊन द्वारकामावशी गेली. पुतळी आणि एकवीस पिल्लं पाच डब्यांत बसली. तिनं त्या डब्या तळ्याच्या पाण्यात नुसत्या तरंगत ठेवल्या आणि थोडं थोडं तळ्यातलं पाणी त्यांत घालत राहिली.

"सोडून द्या की एकदाची," प्रधान अधीर होऊन म्हणाले.

"नव्या घरात शिरताना पायावर पाणी घेतात ना? तसंच हे. यांना पाय नाहीत, म्हणून वेळ लागतो."

मग तिनं डब्या कलत्या केल्या. एकेक करून पिल्लं बाहेर आली आणि दिसेनाशी झाली. सगळ्यांनी काचेला नाकं लावली. पिल्लं गेली कुठं?

ती पानांमागं होती. प्रत्येक खुंटातून बारीक, लांबट, लवचिक पानं वर आली होती. डबीतल्यासारखी गुळगुळीत नव्हती. जरा वाकडीतिकडी होती, पण पाणी हललं की पाण्याबरोबर हलत होती.

"पुनर्जन्म!" गवा गरजला. "आपल्या दरबाराच्या पुण्याईनं पुनर्जन्म! आजच सत्कार! फीत आणा! हजार काजवे बोलवा!"

"आधी खात्री करून घेऊ," प्रधान म्हणाले. "मूळ खरंच धरलंय का..." आणि वचन विसरून त्यांचा पंजा पाण्यावर आलाही. खाली पुतळी पिल्लांना घेऊन तळाशी चिकटली.

"प्रधानजी!" द्वारकामावशी कडाडली. "घरातलं माणूस गेल्यावर वर्षाच्या आत मंगलकार्य? लोक काय म्हणतील?"

साळिंदर खाकरला. "'आमच्याच कुटुंबातले,'" त्यानं वहीतून वाचलं. "आणि पंजा न घालण्याचं वचनही आहे. पुढच्याच पानावर."

पंजा हळूहळू मागं गेला.

द्वारकामावशी काचेपाशी येऊन बसली. आत पुतळी मोजत होती. अठरा. एकोणीस. वीस. मग बराच वेळ काही नाही. मग एका पानामागून शेवटचं पिल्लू निघालं, आणि म्हातारीला रडू आवरेना. खेकड्यांचे डोळे काड्यांवर असतात, त्यामुळे तिचं रडणं सगळ्या दरबाराला दिसलं. बिचारी अजून दुःखातच आहे, असं त्यांना वाटलं, आणि ते पाय न वाजवता निघून गेले.

त्या जंगलात आता नवी पद्धत पडली आहे. कुणी नवीन राहायला आलं, की त्याला हार घालत नाहीत. त्याची शोकसभा घेतात, दोन मिनिटं उभं राहतात आणि तेरा दिवस त्याच्या दारात जात नाहीत. परवा एक नवा शिक्षक आला, बगळा. त्याची शोकसभा फारच भावपूर्ण झाली म्हणतात. तो तिथं चांगला रुजला आहे.

तात्पर्य: नव्या जागी मूळ धरायचं असेल, तर तिथल्या भल्या लोकांना लवकरात लवकर आपली आशा सोडायला लावावी. आणि तुम्हाला कुणाबद्दल फारच जिव्हाळा वाटत असेल, तर त्याला मेलेला समजून तेरा दिवस गप्प बसावं.